बाहेरून कडी

भावनाताई,

काल फोनवर तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, आई बरी आहे. न्यूमोनिया गेला, जेवते, हे खरंच आहे. पण दवाखान्यातून इथं आंजी गावात आणल्यापासून तिला आपलं घर ओळखू येत नाही. तिला सांभाळायला ठेवलेल्या मंदाबाई चार दिवसांत सोडून गेल्या. सोमवारी मी शाळेतून आलो, तर आई एस.टी. स्टँडवर गिरडची गाडी विचारत होती. माहेरी जायचं होतं तिला. तेव्हापासून मी शाळेत जाताना तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतो. हे तुला सांगवलं नाही. पत्रही बहुतेक पाठवणार नाही.

आज परतलो तेव्हा ती आतून हळूच दार वाजवत होती.

"घरी कोनी हाय काय जी?"

मी कडी काढली आणि म्हणालो, "या, बसा."

ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. "पोरगा घ्याले येते मले. तवरिक बसतो."

मी चहा करून दिला. रिकामा कप खाली ठेवत तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"तुमची माय नाई दिसत?"

"गावाले गेली," मी म्हणालो.

तुझा,
अश्विन