चष्म्याशेजारची रिकामी जागा

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. धाकट्यास आईचे भरभरून आशीर्वाद.

अक्षर बघून पत्र फाडू नकोस. हात तुझ्या दादाचा आहे, तोंड माझं आहे. मला लिहिता आलं असतं तर त्याच्यापुढे कशाला बसले असते. दात काढून घ्यायला आल्यासारखा बसलाय बिचारा.

आम्ही सगळे खुशाल आहोत. माझे गुडघे सोडून, पण त्यांची तक्रार त्यांनी वेगळी लिहावी. तू वेळेवर जेवतोस ना? फोनवर विचारलं की 'हो हो' म्हणतोस आणि ठेवून देतोस. चार वर्षं झाली, दर रविवारी दोन मिनिटं. म्हणून म्हटलं, पत्रच धाडावं. पत्र मधेच खाली ठेवलं तरी उरलेलं कुठे जात नाही.

आता कामाचं. दादाच्या लेकीनं, आपल्या ठिणगीनं, वेल्डिंगचा कोर्स पुरा केला. पहिली आली म्हणून सांगते. वर्गात किती जण होते ते सांगत नाही. तिला आता आपल्या गॅरेजमध्ये काम सुरू करायचंय. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, तुझे बाबा करायचे तसंच. नवं मशीन आणलंय. बाबांचं मशीन हलवायला दोन गडी लागायचे, हे ती भाजीच्या पिशवीसारखं एका हातात घेऊन फिरते.

पण अंग लहान म्हणून भूक लहान नाही. पहिल्या दिवशी तिनं ते गॅरेजमधल्या जुन्या प्लगला लावलं. कांडी टेकवली न टेकवली, वीज गेली. मी बोर्डाशी जाऊन बघते तर चष्मा पडलेला. आठवतं ना, मला अक्षरं येत नाहीत म्हणून तू बोर्डावर प्रत्येक खटक्याखाली चित्र काढलंस? पंख्याखाली पंखा. फ्रीजखाली मांजर, कारण ते कायम फ्रीजवर बसलेलं. आणि गॅरेजच्या खटक्याखाली बाबांचा चष्मा. पोरीनं सात वेळा वर केला, सात वेळा पडला. म्हणते, "आजी, आजोबांचा चष्मा राहतच नाही." म्हटलं, त्यांच्या नाकावर तरी कधी राहिला होता.

मग बाईंनी डोकं चालवलं. घरातल्या वॉशिंग मशीनच्या प्लगवरून लांब वायर गॅरेजपर्यंत ओढली आणि जास्तीची वायर छान गोल गुंडाळून ठेवली. पसारा नको, ही माझीच शिकवण. काम जोरात चाललेलं, आणि अर्ध्या तासात त्या वेटोळ्याला वास सुटला. मी हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. वरचं प्लास्टिक एकमेकांना चिकटून बसलं होतं.

कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. भला माणूस, चहा दोनदा घेतो. त्यानं सांगितलं, हे असंच चालवलंत तर एक दिवस भिंतीतली वायर पेटेल. मेन बोर्डापासून गॅरेजपर्यंत वेगळी जाड केबल हवी, तिचा स्वतःचा खटका हवा, आणि जमिनीत नवं अर्थिंग हवं. विजेच्या ऑफिसात जाऊन लोड वाढवून घ्यावा लागेल तो वेगळाच. मग बोर्डावरची चित्रं बघून हसायला लागला.

"आजी, हे मांजर काय करतंय इथे?"

"झोपलंय," मी म्हटलं. "उठवू नका."

म्हणाला, हा बोर्डच बदलून टाकू, छापील नावांचा नवा देतो. मी म्हटलं, तुमचा चहा झाला ना? मग या आता.

जाता जाता एक मात्र बोलला. चष्म्याच्या शेजारी एका खटक्याची जागा रिकामी आहे. ती बघून म्हणाला, "ज्यानं बोर्ड बसवला त्यानं ही मुद्दाम सोडलीय, मोठ्या मशीनसाठी. पुढचं बघणारा दिसतो."

ती कोणासाठी सोडली होतीस ते मला ठाऊक आहे. बाबांच्या माघारी त्यांच्या मशीनची जुनी लाइन काढून तू हा बोर्ड बसवलास; नवी लाइन ओढून ते मशीन तूच चालवणार होतास.

इथे दादानं पेन खाली ठेवलंय. म्हणतो, "आई, एवढं पुरे. लाइन ओढायला ये म्हणावं, झालं." लिही रे. पेन तुझं असेल, पत्र माझं आहे.

धाकट्या, ते मशीन दादानं विकलं नाही. मी विकलं. तू कामासाठी बाहेरगावी होतास, दादा ऑफिसात होता. भंगारवाल्याला हाक मीच मारली, फाटकही मीच उघडलं.

बाबा असताना एकदा तू ओल्या जमिनीवर उभा राहून मशीनला हात लावलास आणि चिकटलास. बाबांनी लाकडी फळीनं ढकलून तुला सोडवलं. तू उठून हसलास, "काही नाही आई, मुंग्या आल्या." तुम्ही दोघं विसरलात. मी नाही विसरले. बाबा होते तोवर फळी घेऊन धावायला कोणी तरी होतं. ते गेल्यावर मी त्या मशीनकडे बघायची आणि मला फक्त ती फळी दिसायची.

तू परत आलास, रिकामा कोपरा बघितलास आणि विचारलंस, "कोणी विकलं?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मी." त्याला वाटलं, भावाभावांचं दोन दिवसांत मिटेल, आईवर राग बसला तर निघायचा नाही. मी तुझ्यासाठी पाण्याचा पेला आणला होता. तो धरून तशीच उभी राहिले. तू पाणी न पिताच गेलास.

मग रोज वाटायचं, उद्या सांगू. पण फोनवर तुझा आवाज आला की भीती वाटायची, ही दोन मिनिटंसुद्धा जातील.

ठिणगीचं मशीन अजून घरात आहे. खोटं कशाला सांगू, परवा भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली तेव्हा मनात येऊन गेलं. मी उठून खिडकी लावून घेतली. हे विकलं तर ती दुसरीकडे कुठे तरी जाऊन चालवेल, तिथल्या वायरी कोणी बघितल्यात? त्यापेक्षा इथेच नीट लाइन हवी. वायरमन हुशार असेल, पण त्याच्या कामावर मला झोप लागणार नाही. तुझ्या कामावर लागते. चार वर्षं त्याच बोर्डावर लागतेच आहे.

रागव, पण इथे येऊन रागव. दादावर नको, माझ्यावर. दिवसभर पुरेल एवढा राग आणलास तरी चालेल, मला वेळच वेळ आहे.

ता. क. हे ठिणगी लिहिते आहे. सगळं पत्र तिनं मला वाचून दाखवलं, तेव्हा कळलं, तुझ्या दादानं माझं एक वाक्य गाळलंय. 'तू पाणी न पिताच गेलास' याच्यापुढे मी सांगितलं होतं की, तू फाटकाबाहेर पडल्यावर दादा गॅरेजच्या पायरीवर बसून रडला. ते आता लिहिलं. तो माजघरात जाऊन उगाच पंखा पुसतोय.

मशीनवर चादर घातली आहे आणि पोरीकडून वचन घेतलंय, तू येईपर्यंत हात लावायचा नाही. चष्मा खाली पाडून ठेवलाय. रिकाम्या जागेखाली कसलं चित्र काढायचं ते तू आलास की ठरव.

अंगठा उठवायचा मला कंटाळा आला, म्हणून खाली माझ्या हातानं चित्र काढलंय. ठिणगी म्हणते, बादली दिसते. तो पेला आहे. भरलेला आहे.

तुझी घाबरट,
आई