खिदिरपूरचा गाळा सरोजच्या हाती

मी, कालिंदी रघुनाथ केळुसकर, वय बासष्ट, धंदा ताडपत्री व शिडे शिवणे, मूळ वेंगुर्ल्याची, हल्ली राहणार खिदिरपूर, कलकत्ता, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने लिहून ठेवते. 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे घालावे, असे वकील श्यामसुंदरबाबूंनी सुचवले. दडपण पुष्कळांनी आणले; मी जुमानले नाही, एवढेच खरे आहे. माझ्या डोक्यावर परिणाम झाला असे आमच्या घराण्यात बोलले जाते. मला मोतीबिंदू झाला होता आणि तो डोळ्यांना होतो, डोक्याला नाही.

१. गोदीजवळचा गाळा व त्यामागच्या दोन खोल्या माझ्या आहेत. त्या मला यजमानांच्या वारशाने आलेल्या नाहीत. जपानी बाँबच्या भीतीने अर्धे शहर गावी पळाले, तेव्हा पळणाऱ्या मालकाकडून मी माझ्या पाटल्या, गोठ व पुतळ्यांची माळ मोडून हा गाळा स्वतःच्या नावावर घेतला. थोरल्या जाऊबाई शकुन म्हणाल्या, "अगं कालिंदी, बाँब पडला तर गाळाही जाईल आणि सोनंही." बाँब गोदीवर पडले, गाळा राहिला. हे माझे स्त्रीधन आहे. सासरच्या कोणी त्यावर हक्क सांगण्याच्या खटपटीत पडू नये.

२. गाळा, खोल्या, धंदा, धंद्याचे नाव व गिऱ्हाइके हे सर्व माझ्या मागे माझी सून सरोज मनोहर केळुसकर हिचे. मनोहर माझा एकुलता एक मुलगा. तो विषमज्वराने गेला तेव्हा सरोज सव्वीस वर्षांची होती. तिला माहेरी पाठवून द्या, असा सल्ला आमच्या मंडळींनी तेराव्याच्या पानावर बसून दिला. मी त्यांना आग्रहाने लाडू वाढले आणि दुसऱ्या दिवशी सरोजच्या हाती दाभण दिला.

३. आता मुखत्यारीबद्दल. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. गोदीच्या कचेरीत सह्या कोणी करायच्या हा प्रश्न आला. सरोज होती, पण "बाईची सही, तीही विधवेची, कोण मानणार?" असे म्हणून सर्वांनी मला भंडावले. म्हणून शकुनबाईंचा मुलगा दिगंबर याला मी मुखत्यारपत्र लिहून दिले.

आमच्या गाळ्याची एक रीत आहे, ती यजमानांनी वेंगुर्ल्याहून आणली. ताडपत्री शिवून, तेल-मेण लावून झाली की चार खांबांना टांगायची, तिच्या पोटात पाणी ओतायचे आणि ज्याने शिवली त्याने खाली बसून जेवायचे. ताटात थेंब पडला की शिवण उसवायची. दिगंबरने आल्या आल्या ही रीत बंद केली. मला म्हणाला, "काकू, लोक हसतात. रस्त्यावर बसून जेवायला आपण काय हमाल आहोत?" सरोजने त्याला विनवले, "भावोजी, निदान पाणी तरी ओतून बघा." तो म्हणाला, "वहिनी, मुखत्यार मी आहे."

त्याच वर्षी श्रावणात एका गाधाबोटीवर, म्हणजे मालाच्या पडावावर, चहाच्या पेट्या भिजल्या. बोटीच्या सारंगाने आमची ताडपत्री आणून दारात टाकली आणि विचारले, "मा, एटा कि तोमार घरेर काज?" हे तुझ्या घरचे काम का, असे त्याने मला विचारले. माझे डोळे अजून नीट उघडत नव्हते. मी शिवणीवरून बोट फिरवले आणि मला रडू आले. यजमान गेले तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते.

त्यानंतर सरोजने कोणाला न विचारता गिऱ्हाइकांकडच्या सगळ्या ताडपत्र्या परत मागवल्या. एकेक टांगली, पाणी ओतले आणि खाली ताट घेऊन बसली. केळुसकरांची विधवा सून भर रस्त्यात जेवते, असा बोभाटा थेट वेंगुर्ल्यापर्यंत गेला. होय, जेवते. मीठ कमी पडले तर मी आतून नेऊन देते.

४. दिगंबरचे मुखत्यारपत्र मी आज रद्द केले असून नवे सरोजच्या नावे नोंदवले आहे. आपला कागद काकूच्या मागेही चालेल, अशी दिगंबरची समजूत होती. श्यामसुंदरबाबूंनी मला समजावले, "मासिमा, मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच मरतं." म्हणून मी दोन कागद केले. मी जिवंत असेपर्यंत सरोजने मुखत्यार म्हणून सही करावी. माझा श्वास थांबला की मालक म्हणून करावी. मध्ये कोणाला पाय ठेवायला जागा सोडलेली नाही.

५. पोस्टातली शिल्लक नात लीला हिच्या शिक्षणासाठी. ती 'पाणी पिते' म्हणायच्या ऐवजी बंगाल्यांसारखे 'पाणी खाते' म्हणते. म्हणू द्यावे, पण शाळा सोडवू नये. तांब्याचे घंगाळ शकुनबाईंना द्यावे. ते त्यांचे कधीच नव्हते. पण माझ्या लग्नापासून त्या ते मागत आहेत, आता मिळू दे एकदाचे.

६. मला अग्नी दिगंबरने द्यावा. तो लहानपणी माझ्याच हातचे जेवून वाढला आहे. त्याच्यावरचा माझा राग गाळ्यापुरता आहे.

७. साक्षीदार म्हणूनही मी दिगंबरलाच बोलावले आहे. वकील नको म्हणत होते. पण उद्या कोर्टात जाऊन काकू भ्रमिष्ट होती असे जर कोणी म्हणणार असेल, तर त्याने ते आज माझ्या तोंडावर म्हणावे. सही करायची नसेल तर तसे याच कागदावर लिहावे. मी समोर बसले आहे.

खिदिरपूर, कलकत्ता
ता. १६ नोव्हेंबर १९५४

कालिंदी रघुनाथ केळुसकर
(सही स्वहस्ते, चष्म्यासह)

साक्षीदार:

१. श्यामसुंदर घोष, वकील. मजकूर मराठीत असल्याने मला बंगालीत सांगण्यात आला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. दिगंबर केळुसकर. मजकूर सगळा वाचला. मला तो मान्य नाही. काकू पूर्ण शुद्धीवर आहेत.