सावलीवरून माणूस

३ मार्च, मंगळवार

आज लॅबमध्ये दोनशे दहा फोटो. सगळे उंचावरून काढलेले — रस्ते, मैदानं, बसथांबे. दिसेल त्या माणसाभोवती चौकोन काढायचा, पुढचा फोटो घ्यायचा. मशीन त्यावरून शिकतं. एका फोटोत झाडाखाली कुणीतरी होतं, बाकीच्यांना दिसलं नाही. मी बाजूला पडलेल्या सावलीवरून ओळखलं. सर मागेच उभे होते. "हेच शिकव मशीनला," म्हणाले. "माणूस लपतो, सावली कुठे लपते?" शाबासकी होती ती. बरं वाटायला हवं होतं. भूक लागलीय एवढंच कळलं.

५ मार्च, गुरुवार

खोलीवर आले तर माझ्यासोबत राहणारी छत्रीवाली पत्रकांच्या घड्या घालत बसलेली. तिला ऊन सोसत नाही, अंगावर चट्टे उठतात, म्हणून बारा महिने काळी छत्री. आधी वर्ग चिडवायचा, आता तीच स्वतःला छत्रीवाली म्हणवते.

पत्रकात आमची लॅब! शस्त्रं बनवणारी कंपनी तिला पैसे पुरवते आणि इथलं काम हत्यारी ड्रोनमध्ये जातं, असं लिहिलंय. मी म्हटलं, "पुरात अडकलेली माणसं शोधायला आहे ना ते?"

"असं कोण म्हणालं?"

सर म्हणाले होते. मी पाणी प्यायला उठले. मी तिथे काम करते हे तिला माहीत नाही. बाहेर बोलायचं नाही, अशी लॅबने सही घेतली होती. तिला मी लायब्ररीत काम करते असं सांगितलंय.

६ मार्च

एकशे नव्वद.

९ मार्च, सोमवार

कुलगुरूंच्या कार्यालयासमोरच्या मैदानात छत्रीवाली आणि पत्रकवाले सगळे ठाण मांडून बसलेत. चाळीसेक असतील. मीही तासभर बसले, घोषणा दिल्या, मग उठून लॅबला गेले. दोन्ही डगरींवर हात!

कुलगुरूंनी लॅबच्या चौकशीला सोळा तारीख दिलीय. छत्रीवाली म्हणाली, "पत्रकं वाचून कुणी हलणार नाही. आतला माणूस हवा. हे काम मी स्वतः केलं, असं उभं राहून सांगणारा. एकच पुरे." सगळे एकमेकांकडे बघत होते. मी चपलेचा अंगठा बघत होते.

१० मार्च

आईचा फोन. आडून विचारलं, सरांविरुद्ध बोलायची वेळ आली तर?

"प्रबंधावर त्यांची सही झाली?"

"नाही."

"मग होईपर्यंत मिठाची गुळणी धर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

आई शाळेत शिकवते. तिच्याकडे म्हणी तयारच असतात. सहीशिवाय पदवी नाही, हे मात्र खरं आहे.

१२ मार्च, गुरुवार

सरांना विचारलंच. हे पुरासाठीच ना? त्यांनी चष्मा पुसला. "तू चौकोन काढ. कुणासाठी ते चौकोनाला कळत नाही." मग मऊ आवाजात, "पुढच्या आठवड्यात तुझ्या प्रबंधावर सही करून टाकू."

रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. एकशे ऐंशी.

१३ मार्च

मैदानात गेले नाही. छत्रीवालीने माझा चहा झाकून ठेवला होता. गार झाला होता, तसाच प्यायले.

१६ मार्च, सोमवार

चार वाजता चौकशी. सकाळी लॅबमध्ये नवे फोटो आले होते. पहिलाच उघडला — आमचं मैदान. कार्यालयाच्या पायऱ्या, अंथरलेल्या चादरी, फलक. हात सवयीने चालू झाला. एकतीस चौकोन काढून झाल्यावर कळलं मी काय करतेय.

कोपऱ्यात काळी छत्री. खाली कोण ते दिसत नव्हतं. तिरप्या उन्हात बाजूला नुसती सावली, मांडी घातलेली. तेवढी सोडली आणि फोटो पुढे सरकवायला गेले. सुटलेलं कुणी आहे का ते तपासायला मशीन जरा थांबलं. मग छत्रीभोवती आपणहून चौकोन उमटला. हे त्याला कुणी शिकवलं, मला माहीत आहे.

कॉम्प्युटर तसाच सोडून मैदानात गेले. सही राहिली. छत्रीवालीने सरकून जागा केली. मी म्हटलं, "आतला माणूस हवा होता ना? मी आहे."