पडद्यावरचा आकडा

१८ नोव्हेंबर २००६, बाभुळगाव

लाइट जायच्या आत घाईघाईत कॉम्प्युटरवर आज दिसणाऱ्या, तेज कमी-जास्त होत राहणाऱ्या रूपविकारी ताऱ्यांची यादी काढली. अपेक्षित तेजाचा रकाना झाकायचा राहिला. आधी आकडा कळला की डोळा त्याच्याच मागे जातो, म्हणून मी तो नेहमी झाकतो. आज देवयानी तारकासमूहातल्या ताऱ्यापुढचं ६.२ वाचलं गेलं. मग अंगणात दुर्बीण लावून शेजारच्या, तेज ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ताडून पाहिलं, तर माझंही नेमकं ६.२! तारा पाहिला की आकडा? वहीत लिहून टाकलं, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

कारण खरेदी केंद्रावर मी ग्रेडर. नमुन्याशी ताडून कापसाची प्रत ठरवणं, हेच माझं दिवसभराचं काम. आज एका म्हाताऱ्याच्या गाडीजवळ पोचायच्या आधीच मापाडी ओरडला, "सायेब, हा माल ओला हाय." मी खालची प्रत लिहिली. म्हातारा मागून म्हणत राहिला, "सायेब, हात त घालून पाहा ना."

६.२ आत्ताच खोडलं. उद्या रकाना झाकून तारा पुन्हा पाहता येईल. तो कापूस तर केव्हाच ढिगात मिसळला.

हात घातला होता का मी? ओला लागल्याचं आठवत नाही. ऐकल्याचं आठवतं.