मुखरूचा पास

सावरटोला जंगलनाका,
ता. ९ डिसेंबर १९५४

ती. गुणवंतराव भाऊजींस मेहुणा देवाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. आक्काच्या गुडघ्याला आराम पडला असेल. माझी प्रकृती उत्तम. फक्त जेवण जात नाही आणि दिवस कलला की दाराला आतून कडी लावून बसतो.

'पास' या इंग्रजी शब्दाचे अर्थ तुम्ही मला आरमोरीच्या शाळेत छडीने शिकवलेत: उत्तीर्ण होणे, पुढे जाणे, डोंगरातली वाट, परवाना. (पहिला सोडून बाकीचे मला आले.) इथे एकच चालतो: शिक्क्याचा कागद. तो नसला तर बांबू लादलेली बैलबंडी नाक्याच्या आडव्या दांड्यापलीकडे जात नाही. माझ्या आधीच्या मुन्शीने मुखरू नावाच्या बंडीवाल्याला असेच कागद आणायला परत पाठवले होते. वाटेतच त्याला वाघाने खाल्ले. त्या जागी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक काडी टाकतो, म्हणजे मेलेला माणूस जागेवर स्वस्थ राहतो. मी बाजारपेठेत वाढलेला, मला हे कोण सांगणार? रस्त्याकडेला वाळक्या काड्यांचा आयता ढीग दिसला, तो सरकारी सोय समजलो आणि आठ दिवस आंघोळीचे पाणी तापवले. (पाणी एकदाही धड तापले नाही, तेव्हाच खटकायला हवे होते.)

ढीग संपला त्या दिवसापासून दिवेलागणीला बैलांची घुंगरे नाक्यापर्यंत येतात आणि थांबतात. बाहेर बंडी नाही, बैल नाही. धुळीत चाकांचे ताजे माग, दांड्यापर्यंतच. मी घाबरलो, भाऊजी, कबूल करतो. मुखरूची आई मनकर्णाबाई इकडे मोळी बांधायला येते, तिचे पाय धरले. ती रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "कागद आणाले गेला होता ना जी तो. देऊन टाका त्याले. अजून उभाच हाये."

दिला. नाव मुखरू, माल काही नाही. 'कुठे जाणार' या रकान्यात काय लिहावे सुचेना (तुमच्या शिकवणीत हे नव्हते), म्हणून 'पुढे' लिहिले, शिक्का मारला आणि ढिगाच्या जागी दगडाखाली ठेवला. वर एक काडी टाकली. काल सकाळी कागद नव्हता आणि संध्याकाळी घुंगरे न थांबता पलीकडे गेली. मनकर्णाबाईला सांगितले तेव्हा ती रडली, आणि मीही.

आक्काला नमस्कार.

आपला,
देवाजी

ता. क. पासाची स्थळप्रत आत्ता पाहिली. 'सोबत माणसे' हा रकाना मी कोरा सोडला होता. तिथे 'एक' लिहिले आहे. अक्षर माझेच आहे.

आणखी ता. क. पत्र बंडीवाल्या पोचूच्या हाती दिवसाउजेडी देत आहे. ते मिळताच मला न्यायला या. येताना ढिगावर काडी टाका. ढीग दोन दिसले, तर दोन्हींवर टाका.