नागूच्या गाडीचा डबा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
भाऊबीज आटोपून आज खालापुरात दाखल झालो. नवं गाव, नवी नोकरी, म्हणून नवी वही. येसाजीकाकांचं गॅरेज जुन्या हायवेला लागूनच आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे मोठं आवार आणि आंब्याची दोन झाडं. काका सत्तरीला टेकलेत, पण गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं ओळखतात. फक्त विजेचं काम त्यांना जमत नाही. म्हणाले, आमाला डिजेल कळतं, वायरींचं तुमीच बघा. गाडीतला बिघाड दाखवणारा माझा स्कॅनर त्यांनी दोन्ही हातांत धरून न्याहाळला. मी भाव खाऊन घेतला. विमलकाकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथीला लाजलो.
रसायनीची नोकरी का सोडली, ते कोणी विचारलं नाही. हवा मानवली नाही, असं सांगायचं ठरवून आलो होतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार
आवाराच्या कोपऱ्यात पुढून चेपलेला एक ट्रक उभा आहे. भंगारात काढलेला. ड्रायव्हर नागू ऑगस्टमध्ये, सकाळी आठ वीसला, पळसदरीच्या वळणावर गेला. भर पावसात वायपर बंद पडला, गाडी झाडावर गेली आणि दारं आतून लॉक झाली. लोक बाहेरून दार ओढत होते. त्यानं दोनदा हॉर्न दिला आणि मग गप्प झाला, असं काका सांगत होते.
त्या गाडीला अजून कोणी पाना लावलेला नाही. इथली रीत आहे. ज्या गाडीत माणूस गेला, ती खोलण्याआधी दारापुढे नारळ फोडायचा आणि ड्रायव्हरला नावानं हाक मारायची, "नागू, उतर रं. तुजं गाव आलं." एकदाच. मग गाडी मोकळी. काका हे अगदी टायर बदलायला सांगावं तसं सांगत होते. मला हसू आलं, ते दाबलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
पहिलं मोठं काम आलं. लडकूदादा कर्जतकडच्या कोंडाणे गावाच्या खालच्या वाडीतले. त्यांच्या ट्रकचा वायपर आपोआप चालतो, इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं, सगळ्यांना हुकूम देणारा हा डबा. नवा यायला तीन आठवडे लागतील. लडकूदादांचा चेहरा पडला. त्यांची तेजश्री खोपोलीच्या कॉलेजात आहे, तिची परीक्षा चालू आहे आणि सकाळी वाडीवरून दुसरं वाहन नाही. ती याच गाडीतून जाते.
मी म्हणालो, रसायनीला माझी ओळख आहे, शनिवारी गाडी घेऊन जा, नवाच डबा बसवून देतो. काकांसमोर म्हणालो. जीभ सैल, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
काका डोळे दाखवायला कर्जतला गेले होते. मी नागूच्या गाडीत शिरलो. तोच मेक, तोच डबा. नारळ फोडला नाही, हाकही मारली नाही. भर दुपारी रिकाम्या गाडीशी बोलायची लाज वाटली.
डबा काढून उलटा केला. मागे पांढऱ्या पेंटनं लिहिलं होतं : स. १२/७.
अक्षर माझं आहे. स म्हणजे सहदेव, म्हणजे मी.
आता इथे तरी खरं लिहितो. जुलैत रसायनीला ही गाडी आली होती. डब्यात पाणी गेलं होतं. नवा घालायचा, तर मी हाच केस वाळवायच्या मशीननं वाळवला, स्पिरिटनं पुसला आणि नवा बसवला म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये कानावर आलं की आमच्याकडून गेलेल्या एका गाडीला अपघात झाला. कुठली, ते मी विचारलं नाही. महिनाभरात नोकरी सोडली.
डबा फेकून द्यायला हवा होता. पण फेकला तर का फेकला, हे काकांना सांगावं लागलं असतं. टेबलावर लावून तपासला, व्यवस्थित चालला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ब्लेडनं ते अक्षर खरवडून काढलं आणि डबा लडकूदादांच्या गाडीत बसवला. स्कॅनरवरून त्यांच्या गाडीचा चेसिस नंबर चढवला.
इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. तरी स्क्रू नीट आवळले.

९ नोव्हेंबर, शनिवार
गाडी गेली. लडकूदादांनी माझे हात हातात घेतले. काकांनी पाठ थोपटली. जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार
लडकूदादा वाडीवरच्या काकड्या घेऊन आले. गाडी बेस चालते म्हणाले. फक्त कालही आणि आजही सकाळी आठ वीसला, पळसदरीच्या वळणावर, कोरड्या काचेवर वायपर फिरला आणि बंद पडला. मग दोनदा हॉर्न. तेजश्री हसते म्हणे, बाबा, गाडी कुणाला तरी हाका मारते.
मी म्हणालो, नवा डबा आहे, सरावेल. असं बोलताना माझं तोंड कसं दिसत असेल?

१३ नोव्हेंबर, बुधवार
गाडी तपासायला ठेवून घेतली. स्कॅनर लावला. चेसिस नंबर नागूच्या गाडीचा दाखवतोय. पुन्हा लडकूदादांचा चढवला. चहा पिऊन आलो, पुन्हा नागूचा.
पुढची ओळ वाचली. ड्रायव्हरचा सीटबेल्ट : लावलेला.
सीट रिकामी होती. पट्टा खुंटीवर लोंबत होता. वायर तुटली असेल म्हणून हाताने चाचपली. तुटली नव्हती. सीट गरम होती, आणि गाडी सकाळपासून सावलीत उभी होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
लडकूदादा पहाटेच गाडी घेऊन गेले. मी नको म्हणालो नाही. का नको, हे सांगावं लागलं असतं.
दुपारी फोन आला. आज वळणावर दारंही लॉक झाली. तेजश्रीच्या बाजूचं दार पंधरा मिनिटं उघडेना. पोरगी घाबरली. लडकूदादा मात्र मला धीर देत होते, तुमी नका वाईट वाटून घेऊ, तुमी नवाच बसवलाय.
त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
काकांना सांगायला तीनदा गेलो. तीनदा पाणी पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा काकांनी विचारलं, सहदेव, नागूच्या गाडीला कोणी हात लावला का रं? मी नाही म्हणालो.
नाही म्हणालो —
नागूला हाक मारायला हवी. वळणावर. पण नाव घेतलं की पुढचंही बोलावं लागेल.
गाडी मागवून घेतलीय. उद्या तेजश्रीला घरी ठेवा म्हणालो. एवढं तरी केलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
८.१०. पळसदरी. वळणाच्या अलीकडे थांबलोय. लख्ख ऊन. नारळ मांडीवर. तोंडातून नाव निघत नाही. आसपास कोणी नाही, तरी लाज —
स्कॅनर दाखवतोय, ड्रायव्हरचा पट्टा लावलेला. तो मी लावलाय. पण शेजारचाही —
शेजारी बघणार नाही.
वळणावर नेतो. तिथे म्हणेन. नागू, मी केलं, असं म्हणेन.

तारीख —
आवार. आंब्याची झाडं. मी इथे कसा — पुढची काच नाही. स्टीअरिंग छातीशी. दुखत नाही.
समोर काका. लडकूदादा, तेजश्री. बरं झालं, ती ठीक आहे. मी हात हलवतोय. कोणी बघत नाही.
काकांच्या हातात नारळ.
लडकूदादा डोळे पुसतायत. काकांना सांगतायत, आतला डबा तेवढा जपून काढा, सहदेवभाऊंनी परवाच नवा बसवलाय. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. त्यांचं नाव राहील.
नवा नाही. नवा नाही, काका. ओरडतोय. हॉर्न वाजतो. दोनदा.
तेजश्री मागे सरकली.
नारळ फुटला. काकांनी हाक मारली. हळू, जवळच्या माणसाला मारावी तशी. सहदेव, उतर रं. तुजं गाव आलं.
एकदाच मारतात. आता पाना काढतील. उतरतो, काका. आधी सांगतो आणि उतरतो, फक्त हे दार —