पाच नावं, तीन रबरं

५ जानेवारी, सोमवार
गोळी घेतली. गुडघा ठीक.
मनीषा कंपनीतून आली ती हात-पाय धुऊन मोबाइल घेऊन माझ्या शेजारीच बसली. सूनबाईला सध्या एकच वेड. फेब्रुवारीत ८ तारखेला डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर बायकांची सायकल शर्यत आहे, तिथं नाव दिलंय.
"अहो आई, टायर बदलू का? डांबराचा वेगळा निघालाय, मातीचा वेगळा, दोन्हीला चालणारा तिसराच. तुम्ही सांगा, तुम्ही टायरमधल्या."
टायरमधल्या म्हणे! भोसरीच्या वर्कशॉपात सव्वीस वर्षं साच्यातून निघालेल्या टायरवरचे रबराचे बारीक केस ब्लेडनं कापले आणि वर लेबलं चिकटवली. एवढंच. पण तेच सांगितलं तिला. माल एकाच साच्यातला, सकाळी निळं लेबल 'सिटी', जेवणाच्या सुट्टीनंतर लाल लेबल 'रेसर'. याच हातांनी.
"नुसते नखरे गं. आहे तोच चालव."
लगेच हो म्हणाली. माझ्या शब्दावर.

१८ जाने., रविवार
मनीषा पडली. शर्यतीच्याच रस्त्यावर सरावाला गेली होती. उतारावरच्या वळणाला मुरमात पुढचं चाक सरकलं. मनगट सुजलंय, कोपर सोललंय. एक्स-रे काढला, हाड शाबूत.
मी हळद कालवून नेली तर म्हणते, "अहो आई, आता मला फोडणीलाच टाकताय का?" हसली. पण नंतर सायकल बाल्कनीत नेली आणि वरून जुनी चादर टाकली. चारी बाजूंनी नीट खोचून. ते काही मला बरं वाटलं नाही.
लेक नितीन: "झाली ना हौस? नाव काढून घे."
आहे तोच चालव म्हणणारी मीच.

२० जाने., मंगळ
दोन पोळ्या करपल्या. डोक्यात तेच. टायर बदलला असता तर...
शेवटी मनीषाला म्हटलंच, "माझ्यामुळं झालं गं."
"तुमच्यामुळं काय. मला त्या वळणाची भीती बसलीय. टायर बदलून भीती जाते का, तेवढं सांगा. जात असेल तर जाते शर्यतीला, नाहीतर राहू दे."
भीतीचं मला कळत नाही. टायरचं खरं-खोटं मात्र करता येईल. अजून अठरा-एकोणीस दिवस आहेत.

२२ जाने., गुरु
बसनं भोसरी. दत्ताच्या सायकलच्या दुकानात. हा जुन्या गावातला, वर्कशॉपात असल्यापासून ओळखीचा.
म्हटलं, "पाच तऱ्हेचे टायर काढ. नावं दाखवू नको."
"मावशी, घ्यायचं न्हाई अन् नुस्ता हात लावायला आलाय व्हय?"
"हात लावल्याशिवाय मी मेथीची जुडीसुद्धा घेत नाही."
डोळे मिटून स्टुलावर बसले. आधी अंगठा, मग नख, मग वास. इतकी वर्षं झाली तरी हात विसरलेला नाही, बरं वाटलं. तीन ढीग केले. दत्ता नावं वाचायला लागला. पहिल्या ढिगात 'रोड', 'स्पोर्ट' आणि 'फिटनेस'. तिघांचं रबर एकच! नक्षी तेवढी निरनिराळी.
"आयला! मावशी, माज्या गिऱ्हाइकांना सांगू नका राव."
पाच नावं, तीन रबरं. मी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, जिंकले.
पण शेवटच्या ढिगात एकटाच होता, मातीचा. त्याच्या मधल्या पट्टीत नख रुतेना आणि कडेच्या गुठळ्यांत रुतत होतं. परत दाबून बघितलं. तेच. एका टायरला दोन रबरं! मधे टणक, सरळ पळायला. कडेला मऊ, वळताना जमीन धरायला. आमच्या वेळी एक टायर म्हणजे एक रबर, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कुणीतरी बसून डोकं लावलंय हो. त्याला नुसतं लेबल म्हणून नाही चालायचं.
मांडीवर घेऊन बसले कितीतरी वेळ. दत्ता म्हणाला, "न्या, चालवून बगा. न्हाई पटला तर आणून द्या."
बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, सायकल विसरली वाटतं."

२५ जाने., रवि
मनीषाला सांगितलं, मी अर्धी चुकले. अर्धीच हं. टायर तिच्या हातात दिला, नख लावायला लावलं. तिनंही दोनदा लावून बघितलं. "खरंच की!" मग उठली आणि चादर काढली. घडी घालून कपाटात ठेवली.
टायर कसा बसवायचा विचारायला दत्ताला फोन केला, स्पीकरवर. त्यानं उलट विचारलं, जुन्यात हवा किती असायची? नितीन ऐटीत म्हणाला, "हायवेच्या पंक्चरवाल्याकडून भरून आणायचो. अंगठ्यानं दबणार नाही अशी. टणक असला की पळतो."
दत्ता फोनमधूनच: "अवो, त्यो ट्रक हाय का? टणक टायर मुरमात उड्या मारतोय नुस्ता. चाक सरकंल न्हाईतर काय!"
नितीनचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणजे आता आरोपी तीन. टायर, हवा आणि मी. संध्याकाळी नितीननंच साबुदाणा भिजवला, न सांगता.

१ फेब्रु., रवि
सोसायटीच्या मागं बिल्डिंग उठायची आहे तिथं सगळा मुरूमच. सकाळी तिघं गेलो. मनीषाच्या मनगटाला पट्टा. टायरवरच्या नावांवर काळी टेप लावली. तिला बजावलं, समोर बघायचं, खाली नाही. नितीन पुढचं चाक बदलून द्यायचा, कोणतं ते सांगायचं नाही.
आधी जुना, टणक हवेचा. वळून आली, "नको."
मग जुनाच, कमी हवा. "चालेल."
मग नवा, कमी हवा. न विचारता अजून एक चक्कर मारून आली!
मी खूश. तर म्हणते, "अहो आई, तिसरा कोणता ते मी ओळखलं. त्याच्या गुठळ्या घूंऽऽ करतात."
झालं, पेपर फुटला. म्हणजे टायरनं वळण धरलं का त्याच्या नावानं हिला धीर आला, कोण सांगणार?
विचारलं, "भीती गेली?"
"गेली नाही. जरा बाजूला सरकून बसलीय."
मला तेवढंही पुष्कळ.

८ फेब्रु., रवि
शर्यतीच्या रस्त्याकडेला दगडावर बसून लिहितेय. ती पडली ते वळण समोरच. तीन फेऱ्या आहेत. पुढं नवा टायर, मागं जुना. ते मनीषानं ठरवलं. हवाही तिनंच अंगठ्यानं दाबून बघितली, आम्हा दोघांना हात लावू दिला नाही.
पहिली फेरी: वळणावर आली, ब्रेक दाबला, पाय टेकला. तिघी पुढं निघून गेल्या. नितीन ओरडला, "पाय कशाला टेकतेस!" मी त्याचा दंड धरून खाली बसवलं. टेकू दे. पडण्यापेक्षा बरं.
दुसरी: पाय बाहेर काढला पण टेकला नाही. मुरूम उडाला, चाक जरासं हललं आणि धरलं. माझ्यानं राहवेना, "कसा आहे गं टायर?"
"अहो आई, आत्ता नको!"
शेजारची बाई इतकी हसली.
तिसरी. वर धूळ दिसतेय. एक गेली. तिच्या मागं दुसरी, हिरवा शर्ट, आपली नाही. नितीन उभा राहिलाय, मोबाइल काढायचंही सुचलं नाही त्याला. लाल हेल्मेट. आली. ब्रेक नाही दाबला. पाय पेडलवरच आहेत दोन्ही. वळण आलं, घूंऽऽ... आणि गेलीसुद्धा पुढं!